फटफटीची थोरवी आणि तिची मर्यादा

मोटारसायकलीला मराठी माणसाने ‘फटफटी’ म्हटले ते तिच्या आवाजावरून. हा आवाज एका सिलिंडरच्या यंत्राचा आहे, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. फोर-स्ट्रोक यंत्रात दट्ट्या दोनदा खाली आणि दोनदा वर जातो, आणि या चार खेपांत पेट्रोल एकदाच पेट घेते. उरलेल्या तीन खेपा यंत्रातले जड चाक आपल्या वेगाच्या जोरावर पार पाडते. गाडी उभी असून यंत्र संथ चालू असता एका ‘फट’नंतर दुसरा ‘फट’ येईपर्यंत जो क्षणभराचा अवकाश ऐकू येतो, तो या तीन खेपांचा होय. सिलिंडर चार असले म्हणजे एकाची विश्रांती दुसऱ्याच्या कामाने भरून निघते आणि फटफट जाऊन नुसती गुणगुण उरते. मोटारीला कोणी फटफटी म्हटले नाही, त्याचे कारण हेच.

शाळेच्या वार्षिकात हा विषय कशाला, अशी शंका एखाद्या पालकाच्या मनात येईल. परंतु दहावीचा निकाल लागला की आमच्या इंदुरातील कितीतरी घरांत अकरावीच्या पुस्तकांआधी गाडीची गोष्ट निघते. चर्चा होते ती रंगाची, आकाराची, आणि शेजारच्या मुलाची गाडी किती ‘पळते’ याची. यंत्राचा स्वभाव काय, त्याला काय झेपते आणि काय झेपत नाही, हे विचारणारा विरळा. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

या यंत्राचे कुळ लहान असले तरी हिणवण्याजोगे खचित नाही. जर्मनीत १८८५ साली गॉटलिब डायम्लरने लाकडी सांगाड्याच्या दुचाकीवर बसविलेले यंत्र एकाच सिलिंडरचे आणि अवघ्या अर्ध्या अश्वशक्तीचे होते. महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जपानात सोइचिरो होंडाने १९४६ साली लष्कराची टाकून दिलेली लहान यंत्रे साध्या सायकलींना जोडली. त्याच्याच कंपनीची ५० सी. सी.ची ‘सुपर कब’ १९५८ मध्ये निघाली आणि २०१७ पर्यंत त्या मालिकेतील दहा कोटी गाड्या तयार झाल्या. कोणत्याही श्रीमंती मोटारीच्या वाट्याला हे भाग्य आले नाही.

आपल्याकडे १९६० नंतरच्या दशकात पोलंडच्या आराखड्यावरून बनविलेली १७५ सी. सी.ची ‘राजदूत’ आली. म्हैसूरला ‘जावा’ तयार होऊ लागली, आणि १९७२ साली अहमदनगरात (आताच्या अहिल्यानगरात) ‘लूना’ जन्मली. पुढे आमच्या इंदूरजवळच्या पिथमपुरास बिनगिअरची ‘कायनेटिक होंडा’ होऊ लागली, तीही एकाच सिलिंडरची. यांपैकी राजदूतविषयी आम्हांस विशेष आदर आहे. ‘बॉबी’ चित्रपटात (१९७३) तिचे एक चिमुकले भावंड झळकले आणि तरुण मंडळी वेडी झाली, ही गोष्ट वेगळी. राजदूतचा खरा संसार खेड्यातल्या दूधवाल्याशी होता. पहाटे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकावून, निळसर धूर सोडीत, कच्च्या वाटेने ती शहराकडे येई. तिला ना ऐट होती, ना नाजूकपणा. पेट्रोलमध्ये तेल मिसळावे, किक मारावी आणि निघावे. पुढे धुराचे नियम कडक होत गेले आणि अशा टू-स्ट्रोक मोटारसायकली रस्त्यावरून हळूहळू नाहीशा झाल्या, हेही योग्यच झाले.

१९८५ साली हीरो होंडाने ९७ सी. सी.ची फोर-स्ट्रोक ‘सी. डी. १००’ बाजारात आणली आणि मध्यम स्थितीतील कुटुंबाचा हिशेबच बदलला. लिटरमागे साठ-सत्तर किलोमीटर चालणारे वाहन म्हणजे कारकुनाला, शिक्षकाला, सियागंजातल्या दुकानदाराला लाभलेले एक स्वातंत्र्यच होते. बसची वाट पाहणे संपले आणि रात्री अपरात्री आजाऱ्याला दवाखान्यात नेता येऊ लागले. शिवाय एकच सिलिंडर म्हणजे एकच दट्ट्या, एकच प्लग, एकच कार्ब्युरेटर. बिघाड शोधावयाचा तो कोठे, हा प्रश्न निम्मा तेथेच सुटे. कोपऱ्यावरचा मिस्त्री नुसत्या आवाजावरून दुखणे सांगे. एप्रिल २०२० पासून नवे प्रदूषण-नियम लागू झाले, कार्ब्युरेटर जाऊन त्याच्या जागी विजेच्या आज्ञेने पेट्रोल फवारणारी योजना आली, आणि मिस्त्रीच्या कानाचे राज्य बरेच आकुंचित झाले. हवा स्वच्छ व्हावयाची तर हे व्हावयास हवेच होते. तरीही, ज्या यंत्राचे सारे अंतरंग साधारण बुद्धीच्या माणसाला उघडून पाहता येत होते ते हातातून निसटू लागले, याची हळहळ आम्हांस वाटते.

आता मर्यादेकडे वळू. शंभर सी. सी.च्या गाडीची ताकद आठ अश्वशक्तीच्या आसपास असते. गाडीचे वजन शंभराहून थोडे अधिक किलो, त्यावर दोन मोठी माणसे. शहरात ताशी चाळीसच्या वेगाने हा संसार सुखाने चालतो. परंतु वेग दुप्पट केला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती आठपट. म्हणून ऐंशीच्या पुढे ही गाडी धापा टाकू लागते. एकट्या दट्ट्याच्या धक्क्यांना तोलून धरणारा दुसरा दट्ट्या नसल्यामुळे आरसा थरथरतो आणि हातांना मुंग्या येतात. थांबण्यास लागणारे अंतरही दुप्पट वेगाला चौपट होते, हे मात्र हाताला जाणवत नाही.

खरी परीक्षा घाटात होते. माळव्याचे पठार उतरून निमाडात जावयाचे, म्हणजे ओंकारेश्वराच्या वाटेवरचा भेरूघाट किंवा महेश्वराच्या वाटेवरचा जाम दरवाजा. चढणीवर मागे माणूस आणि सामान असले की गिअर उतरवावा लागतो आणि वेग मंदावतो. वेग मंदावला की ज्या वाऱ्याने यंत्र थंड व्हावयाचे तोही कमी मिळतो. उतारावर याच्या उलट, यंत्र हाच आपला मित्र. खालच्या गिअरमध्ये ते गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेकला विश्रांती देते. असे असता चमचाभर पेट्रोल वाचविण्यासाठी उतारावर गाडी ‘न्यूट्रल’मध्ये सोडून देणारे शहाणे आपल्याकडे जागोजागी भेटतात. काटकसर हा सद्गुण खरा, पण तो असा घाटात पाळण्याचा नव्हे.

आणखी एक हिशेब मुलांनी वहीत मांडून पाहावा. हमरस्त्यावर ट्रक ताशी साठने चालला आहे. आपली गाडी जोर करून सत्तर गाठते. ट्रकची लांबी आणि पुढची-मागची मोकळी जागा धरून चाळीस मीटर अधिक कापावयाचे आहेत. फरक ताशी दहाचा, म्हणजे वेळ लागेल सुमारे चौदा सेकंद. तेवढ्यात आपण २८० मीटर पुढे जातो आणि समोरून साठच्या वेगाने येणारे वाहन २४० मीटर जवळ येते. अर्धा किलोमीटरहून अधिक रस्ता मोकळा दिसत नसेल तर ट्रकच्या मागेच राहावे. लहान यंत्राला राखीव बळ नसते. ते शेवटच्या क्षणी आपल्याला वाचवू शकत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग मोठे यंत्र घ्यावे. बुलेटही एकाच सिलिंडरची आहे, आणि २००१ साली पल्सर आल्यापासून तरुणांची नजर दीडशे-दोनशे सी. सी.खाली उतरत नाही. आमचे मत निराळे आहे. जादा बळाचा उपयोग संकटातून सुटण्यासाठी करण्याची समज यावयास वर्षे लागतात. संकटात शिरण्यासाठी तो पहिल्याच दिवशी होतो. मर्यादा ओळखून चालविलेले लहान यंत्रच शहरातील कुटुंबाला पुरेसे आहे.

मर्यादा ओळखणे म्हणजे काय, हे पाहावयाचे तर गोव्यास जावे. आमची मातृभाषा कोंकणी असल्याने हा दाखला आम्हांस जवळचा वाटतो. तेथे पिवळ्या मडगार्डाची मोटारसायकल भाड्याने उतारू नेते आणि तिच्या चालकाला ‘पायलट’ म्हणतात. बाजारात आलेली म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन निर्धास्तपणे त्याच्या मागे बसते. उतारू एकच, आणि मार्ग पायलटच्या रोजच्या ओळखीचा. आमच्याकडे भंवरकुआंच्या चौकात तीन-तीन विद्यार्थी एका गाडीवर बसून शिकवणीला जाताना दिसतात. चालकामागे एकाहून अधिक माणूस बसवू नये, हा कायदा त्यांना ठाऊक नसतो असे नाही.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर पालकांनी हेही ध्यानी घ्यावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने गिअरच्या मोटारसायकलीसाठी वयाची अठरा वर्षे सांगितली आहेत. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो पन्नास सी. सी.पर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा, आणि तशी पेट्रोलची गाडी आता बाजारात जवळजवळ उरलेली नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अज्ञान मुलाच्या हातून गाडीवर गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. तेव्हा दहावीच्या निकालाचे बक्षीस म्हणून किल्ली देऊ नये. राजवाड्यापासून पलासिया जेमतेम तीन-चार किलोमीटर, ते सायकलीला काही जड नाही. ज्या मुलाला यंत्राची खरीच ओढ असेल त्याने रविवारी तासभर ओळखीच्या मिस्त्रीकडे बसावे, प्लग काढून पुसून परत बसवावा, साखळी किती ढिली आहे ते बोटाने पाहावे. त्याला परवाना लागत नाही.