रथ पुढे गेला, गोळी कुठे आहे?

१२ एप्रिल १९८० रोजी कॅनडाच्या अगदी पूर्वेकडील सेंट जॉन्स या बंदरात एकवीस वर्षांच्या तरुणाने आपला कृत्रिम पाय अटलांटिक महासागरात बुडवला आणि पश्चिमेकडे धावायला सुरुवात केली. त्याचे नाव टेरी फॉक्स. हाडाच्या कॅन्सरमुळे १९७७ साली त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला होता. सोबत मित्र, तो व्हॅन चालवत होता. मंत्री नाही, झेंडा नाही, बँडबाजा नाही. सुरुवातीला तर बघायलाही फारसे कोणी नव्हते. क्विबेक प्रांतात मोटारवाले त्याला रस्त्यावरून बाजूला व्हायला लावत होते. तरी हा गडी रोज बेचाळीस किलोमीटरच्या आसपास धावत राहिला.

या माणसाला नेमके काय हवे होते, हे आपण समजून घेतले पाहिजे. पाय कापला तेव्हा डॉक्टरांनी त्याला सांगितले होते की, जगण्याची शक्यता ५० टक्के आहे. दोनच वर्षांपूर्वी ती १५ टक्के असती. म्हणजे त्याला जे आयुष्य मिळाले होते ते नवसाने नव्हे, संशोधनाने मिळाले होते. आणि संशोधन पैशाशिवाय होत नाही. म्हणून त्याने सहानुभूती मागितली नाही, हिशेब मांडला: प्रत्येक कॅनेडियन माणसामागे एक डॉलर. पोर्ट ओ बास्क या दहा हजार वस्तीच्या गावाने दहा हजारांहून अधिक डॉलर दिले, तेव्हा हा हिशेब खरा होऊ शकतो हे दिसले. आपल्या धावण्यावर कोणत्याही कंपनीने माल खपवू नये, ही त्याची अट होती.

१४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटर झाल्यावर, १ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बे शहराजवळ त्याला थांबावे लागले. कॅन्सर फुप्फुसात पोचला होता. पॅसिफिक महासागर त्याने गाठला नाही. फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधी मात्र दोन कोटी चाळीस लाख डॉलरच्या वर गेला; तेव्हा देशाची लोकसंख्याही जवळपास तेवढीच होती. २८ जून १९८१ रोजी तो गेला.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे यात्रा म्हटली की आधी रथ सजतो. आजाराच्या जनजागृतीचाही रथच निघतो. पाहुणे हिरवा झेंडा दाखवतात, फोटो होतो, भोंगा वाजतो, पत्रके वाटली जातात आणि गाडी पुढच्या गावाला जाते. आजारी माणूस या सगळ्यात कुठे असतो? गर्दीत मागे, दुखरे सांधे धरून बसलेला.

विदर्भातल्या वाचकांना सिकलसेल हा शब्द नवीन नाही. भारतात या आजाराची नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. त्याच दशकात नागपूर भागातल्या पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य समाजातही तो आढळला. देशव्यापी सिकलसेल निर्मूलन मिशन मात्र सुरू झाले १ जुलै २०२३ रोजी, मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे उद्दिष्ट आहे. स्वागतच आहे. पण मधली सत्तर वर्षे कोणाची होती? ज्यांच्या घरात हा आजार होता त्यांचा आवाज दिल्लीपर्यंत पोचत नव्हता, एवढेच याचे उत्तर आहे.

हा कोणत्याही जातीचा दोष नाही, पूर्वजन्मीचे पाप तर नाहीच नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाने माणसे मेली, तिथे हा गुण टिकला. कारण एएस म्हणजे वाहक असलेल्यांना मलेरियाच्या गंभीर रूपापासून काहीसे संरक्षण मिळते. वाहक आजारी नसतो. मात्र आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल एसएस, म्हणजे रुग्ण, होण्याची शक्यता २५ टक्के असते. आणि दोन वाहक एकाच मांडवात वारंवार का येतात? बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात दाखवले होते. जातीची भिंत रक्तातही उभी राहते, ती अशी. भीती आता दुसरीच आहे. तपासणीचे कार्ड लग्नाच्या बोलणीत पत्रिकेसारखे फिरू लागेल आणि नकार मुलीच्याच वाट्याला येईल. रथावरचा भोंगा हे सांगत नाही. ते कार्यकर्त्यांनीच वस्तीत बसून, मुलाच्या बापालाही समोर बसवून सांगायचे आहे.

तेव्हा पुढचा रथ गावात येईल त्या दिवशी बोलायला एसएस असलेल्या मुलाला किंवा त्याच्या आईला उभे करा, आणि पाहुण्यांना हार घालण्यापूर्वी विचारा. हायड्रॉक्सियुरियाची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे का? महिनाभर पुरेल एवढी आहे का? वेदनेने तळमळणाऱ्या पोराला रात्री दोन वाजता रक्त कुठे मिळेल? २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात सिकलसेल आहे. मग प्रमाणपत्रासाठी बाईने मजुरी बुडवून जिल्ह्याला किती खेपा घालायच्या? उत्तरे लिहून घ्या, तारीख टाका आणि खाली त्यांची सही घ्या.