आधी ईसीजी, मग पित्ताची गोळी

पन्नाशीची बाई दवाखान्यात येते. छातीत जळजळते, जिना चढताना दम लागतो, पाठीत कळ येते, मळमळते, असे सांगते. तिच्या हाती बहुधा पित्ताची गोळी पडते आणि सोबत ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला. हीच तक्रार घेऊन तिचा नवरा आला असता तर त्याचा ईसीजी निघाला असता. या फरकापायी बायका जिवाला मुकतात. तो सहज टाळता येण्याजोगा आहे, म्हणून अधिक संताप येतो.

हृदयविकार हा पुरुषांचा आजार, ही समजूत अजून गेलेली नाही. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२१ साली मांडलेला आकडा असा: २०१९मध्ये जगभरातील स्त्रियांच्या मृत्यूंपैकी ३५ टक्के मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झाले. स्त्रियांच्या मृत्यूचे याहून मोठे कारण दुसरे नाही.

डॉक्टरांच्या ज्ञानातही स्त्री उशिरा आली. ऍस्पिरिनने झटका टळतो का, हे पाहणारा अमेरिकेतील गाजलेला अभ्यास १९८०च्या दशकात बावीस हजार डॉक्टरांवर झाला. ते सारे पुरुष होते. स्त्रियांवरचा मोठा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला तेव्हा उत्तर निराळे निघाले. पक्षाघात कमी झाले, पण पहिला झटका टळण्यात एकंदर फायदा दिसला नाही. हृदयरोगतज्ज्ञ बर्नाडिन हीली यांनी १९९१मध्येच खडसावले होते की, पुरुषासारखाच आजार सिद्ध केल्याशिवाय स्त्रीला पुरुषासारखे उपचार मिळत नाहीत.

छातीत दुखणे हे बायकांमध्येही झटक्याचे सर्वाधिक आढळणारे लक्षण आहे. मात्र त्याच्या जोडीला धाप, मळमळ, जबड्यातली वा पाठीतली कळ, कमालीचा थकवा अधिक वेळा असतो, आणि तपासणाऱ्याचे लक्ष तिकडेच जाते. पुढे अँजिओग्राफी झालीच, तर ‘ब्लॉकेज नाही’ म्हणून घरी पाठवले जाते. हृदयाच्या बारीक रक्तवाहिन्यांचा विकार त्या चित्रात दिसत नाही. तो स्त्रियांमध्ये जास्त आढळतो आणि त्यावर उपचार आहेत. चित्र स्वच्छ आले म्हणून बाईचे दुखणे खोटे ठरत नाही.

हृदयरोगतज्ज्ञाने आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: गरोदरपणी रक्तदाब वाढला होता का, साखर वाढली होती का? गरोदरपणातील रक्तदाबाच्या विकाराने पुढील आयुष्यात हृदयविकाराचा धोका सुमारे दुपटीने वाढतो. ही नोंद माता-बाल संरक्षण कार्डावर असते, पण बाळाची लस संपली की कार्ड ट्रंकेच्या तळाशी जाते आणि वीस वर्षांनी कोणी ते मागत नाही.

स्त्रीच्या हृदयाचा माग तिच्या घरापर्यंत काढणारी परंपरा आपल्याकडे आहे. भारतातील पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी १९५९मध्ये दिल्लीतील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसाच्या विकाराने हृदय निकामी होण्याचा आजार विडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायकांनाही होत होता, आणि संशयाचे बोट चुलीच्या धुराकडे गेले. आपल्या गावांत चूल अजून पेटते, वर मिश्रीची तंबाखू आहेच. तपासणीच्या कागदावर ‘व्यसन : नाही’ असे लिहिण्याआधी मिश्रीबद्दल विचारले जाते काय?

घरातले दुखणेखुपणे आधी, आपले मागाहून, अशा रीतीने बायका आजार अंगावर काढतात हे खरे. पण जी बाई धीर करून दवाखान्याच्या पायरीपर्यंत आली, तिला परत पाठवण्याचा दोष तिच्या माथी मारता येणार नाही. २०२२च्या नवरात्रात राज्य सरकारने ‘माता सुरक्षित, तर घर सुरक्षित’ या मोहिमेत अठरा वर्षांवरील स्त्रियांची तपासणी हाती घेतली. ती नवरात्रापुरती राहून चालणार नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात चालू स्थितीतले ईसीजी यंत्र आणि ते चालवणारा माणूस हवा. छाती, जबडा, पाठ किंवा धाप यांची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक प्रौढ स्त्रीचा ईसीजी दहा मिनिटांत निघाला पाहिजे. आरोग्य खात्याने तसा लेखी आदेश काढावा आणि तो किती केंद्रांत पाळला जातो, हे दर तिमाहीला जाहीर करावे.