रक्ताचे नाते आणि दात्याची निवड

घरातील एखाद्याला तीव्र स्वरूपाचा रक्ताचा कर्करोग, म्हणजे ॲक्यूट ल्युकेमिया, जडला आणि केवळ औषधांनी भागणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले, की मूलपेशीरोपणाचा विचार सुरू होतो व पाठोपाठ दात्याचा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे पुष्कळदा वैद्यकाच्या आधी कुटुंबच देऊन टाकते. आई पुढे होते. कमावत्या भावाला त्रास नको म्हणून धाकट्या बहिणीचे नाव निघते. विवाहित बहिणीच्या सासरी विचारायचे कोणी, यात दिवस जातात. माया आणि वडीलकी ही या निवडीची गमके नव्हेत, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

निवडीचा पाया आहे तो पेशींवरील ‘एच. एल. ए.’ खुणांचा. त्या ठरविणारी जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात. अपत्याला त्यांचा एक संच आईकडून व एक वडिलांकडून मिळतो. साहजिकच आईवडील अपत्याशी सामान्यतः अर्धेच जुळतात. सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जारोपण झाले, ते भावंडाच्याच मज्जेवर. परंतु चार भावंडे असली तर निदान एक पूर्ण जुळण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के, दोन असली तर ४४ आणि एकच असले तर अवघी २५ टक्के. कुटुंब लहान झाले, तसा घरातला दाताही दुर्मीळ झाला.

ही कोंडी अर्ध्या जुळणीच्या रोपणाने बरीचशी फोडली. पूर्वी अशा रोपणात दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावरच तुटून पडत. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील संशोधकांनी रोपणानंतर तिसऱ्या व चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे जुनेच औषध देऊन या हल्लेखोर पेशींना आवर घालण्याची पद्धत रूढ केली. त्यामुळे आई, वडील, मुलगा, मुलगी हे सारेच संभाव्य दाते ठरले.

‘दाता आहे का?’ या प्रश्नाची जागा आता ‘यांपैकी कोण?’ या प्रश्नाने घेतली आहे. रुग्णाच्या रक्तात त्या दात्याविरुद्ध प्रतिपिंडे आहेत काय, हे आधी पाहावे लागते. दात्याचे वय, रक्तगट आणि पूर्वी होऊन गेलेला विषाणुसंसर्ग यांचाही विचार होतो. अपत्ये झालेल्या स्त्रीच्या पेशी पुरुष रुग्णाला दिल्यास दात्याच्या पेशींच्या हल्ल्याचा धोका वाढतो. म्हणजे मुलासाठी जीव टाकणारी आई ही नेहमीच सर्वोत्तम दाती नसते. काही घराण्यांत या रोगाची प्रवृत्तीच आनुवंशिक असते. तेथे निरोगी दिसणाऱ्या नातलगाचीही तपासणी हवी. पूर्ण जुळणारे पण वृद्ध भावंड बरे की अर्धा जुळणारा तरुण मुलगा, यावर तज्ज्ञांतही एकमत नाही.

या हिशेबात दाता हा माणूस आहे याचा विसर पडता कामा नये. मज्जा पाठीच्या कण्यातून नव्हे, तर भूल देऊन कमरेच्या हाडातून काढतात. किंवा चारपाच दिवस इंजेक्शने देऊन यंत्राद्वारे रक्तातून मूलपेशी वेगळ्या करतात. काही आठवड्यांत त्यांची भर होते. धोका अल्प असतो, शून्य नसतो. ज्या बहिणीची एकटीची जुळणी झाली, तिला साऱ्या घरादेखत ‘नाही’ म्हणणे जवळजवळ अशक्य होते. म्हणूनच दात्याची तपासणी रुग्णाच्या डॉक्टरांनी न करता दुसऱ्या डॉक्टरांनी करावी, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. जुळणीचा निष्कर्षही प्रथम दात्यालाच एकांतात कळावा. दाता अल्पवयीन असेल, तर रुग्ण आणि दाता दोघांचेही पालक असलेल्या आईबापांच्या संमतीबरोबर त्रयस्थाचा विचार घेणे अगत्याचे ठरते.

नकाराची वेळही मर्यादित असते. रोपणापूर्वीच्या तीव्र औषधांनी रुग्णाची स्वतःची मज्जा नष्ट केली जाते. त्यानंतर दात्याने माघार घेतली, तर रुग्णाचा जीवच धोक्यात येतो. तेव्हा निदान होताच सर्व जवळच्या नातलगांची चाचणी, प्रत्येकाशी स्वतंत्र बोलणे आणि मगच निवड, हा क्रम रुग्णालयांनी पाळला पाहिजे व कुटुंबांनी तो मागितला पाहिजे. रोग उलटण्याआधीचे दिवस मोजके असतात. ते मानापमानात दवडणे कोणत्याही घराला परवडणारे नाही.