कव्हर पिवळं पडलं, हातांचा काय गुन्हा?

माझ्या मोबाइलचं पारदर्शक कव्हर वर्षभरात पाणचट चहाच्या रंगाचं झालं, तेव्हा मी पहिला आरोप लेकीवर केला. नुकतीच ईद झाली होती. तिच्या हाताला मेंदी, स्वयंपाकघरात हळद, पुरावे भरपूर. "हात न धुता फोन घेतेस," मी म्हणालो. बिचारी टूथपेस्ट, खायचा सोडा, लिंबू लावून घासत बसली. रंग हलला नाही. "अब्बा, हात धोकोच फोन लेती मैं," एवढंच म्हणाली.

मास्तराने आधी वाचावं, मग रागवावं. माझं उलटं झालं.

ही मऊ, वाकणारी कव्हरं बहुतेक टीपीयूची, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची असतात. स्वस्त टीपीयूच्या रेणूत कार्बनची वलयं असतात. उन्हातले अतिनील किरण ती शोषतात, हवेतल्या ऑक्सिजनशी क्रिया होते आणि त्या वलयांची रचनाच बदलते. नवी रचना निळा प्रकाश गिळते, म्हणून आपल्याला पिवळं दिसतं. उष्णतेने हे काम लवकर उरकतं. धाराशिवचा मे महिना, पारा ४० च्या वर, आणि फोन मोटरसायकलच्या हँडलवर. आणखी काय हवं?

म्हणजे हा रंग वरून बसलेला नाही, आतून आलेला आहे. हाताचं तेल, जीन्सचा रंग, हळद हेही चिकटतं, पण त्यातलं बरंचसं साबणाच्या कोमट पाण्याने निघतं. त्यानंतर जे उरतं ते प्लास्टिकचं म्हातारपण. त्यावर ब्लीच ओतून काही मिळणार नाही.

गंमत वाटली ती निळीची. अम्मी जुम्याच्या आदल्या दिवशी पांढरे कुर्ते निळीच्या पाण्यातून काढायची. पिवळट झाक जात नसे, फक्त झाकली जाई. काही कंपन्या पारदर्शक प्लास्टिकमध्ये किंचित निळा रंग घालतात तो याचसाठी. कव्हर दुकानात काचेसारखं दिसतं, पुढे पिवळेपणा निळीला भारी पडतो.

न पिवळं पडणारं टीपीयू बनतच नाही असं नाही. वलयं नसलेल्या रसायनापासून बनवलेलं उन्हात बराच काळ टिकतं, पण महाग पडतं. माझी तक्रार इथेच आहे. डब्यावर 'क्रिस्टल क्लिअर' मोठ्या अक्षरात असतं. आत कोणतं प्लास्टिक आहे हे बारीक अक्षरातही नसतं. गिऱ्हाईक दर वर्षी नवं घेतं, जुनं कचऱ्यात जातं आणि दोष हातांना लागतो. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या, गॅरेजमधल्या पोराच्या हातांना तर जास्तच.

लेकीला हे सगळं वहीत वलयं काढून समजावलं आणि माफी मागितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"तो अब काला कव्हर लेव," ती म्हणाली.