लपवण्यासारखं काय आहे?

"घरात एकच कॉम्प्युटर, त्यात प्रत्येकाला वेगळा पासवर्ड कशाला? लपवण्यासारखं काय आहे?" मंडळी, हा प्रश्न ऐकला की माझं डोकंच फिरतं. अहो, बाथरूमला कडी लावतो तेव्हा आपण काय गुन्हा करत असतो? गाठीची लक्षणं शोधणारी आई, नवी नोकरी बघणारी सून, यांनी आधी घरभर जाहीर करून मगच शोधायचं का? (आठ वर्षांच्या पोराची गोष्ट वेगळी.) २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आमच्या हॉलमधल्या टेबलापर्यंत तो अजून पोचायचाय!

आणि कृपया 'इन्कॉग्निटो आहे की' असं सांगू नका. खिडकी बंद केली की हिस्टरी आणि कुकीज जातात, बस्स. डाउनलोड केलेला रिपोर्ट, केलेला बुकमार्क तिथेच राहतो. त्यापेक्षा वेगळं युजर अकाउंट करा ना! विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून, ही सोय घरोघरी आहे. ५ मिनिटांचं काम.

फक्त ॲडमिनिस्ट्रेटर कोण ते आधी बघा, कारण त्याला बाकीच्यांच्या फायलीही उघडता येतात. बहुतेक घरांत तो मान बाबांकडे असतो, आणि 'लपवण्यासारखं काय आहे' असं विचारणारेही तेच! एकदा त्यांचा पासवर्ड मागून बघा.