जंतांची साक्ष राज्यकर्त्यांना नको आहे काय?

२०१५ पासून दरवर्षी 'राष्ट्रीय जंतनाशक दिन' साजरा होतो. एक ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलामुलींना शाळांत आणि अंगणवाड्यांत अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते, आणि किती गोळ्या वाटल्या याचे कोट्यवधींचे आकडे प्रसिद्ध होतात. परंतु जंत किती पोटांतून गेले, आणि गेलेले किती महिन्यांत परत आले, हा प्रश्न त्या आकड्यांच्या गर्दीत हरवतो. गोळ्या मोजणे सोयीचे असते. रोग मोजणे गैरसोयीचे, कारण रोग मोजला की त्याचे कारण विचारावे लागते.

ही गैरसोय आजवर उपकरणाच्या मर्यादेनेही झाकली गेली. गावोगावच्या पाहणीत वापरली जाणारी काटो-कॅट्झ पद्धत साधी आहे : ४१.७ मिलिग्रॅम विष्ठा काचपट्टीवर पसरायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजायची. जंतांचा भार मोठा असेल तेथे ती उपयोगी पडते. परंतु अंकुशकृमीची अंडी त्या काचपट्टीवर तासाभरात दिसेनाशी होऊ लागतात, आणि थोडेच जंत असलेला माणूस निरोगी म्हणून नोंदला जातो. रेणवीय तपासणी, म्हणजे पीसीआर, अंडे शोधत बसत नाही. जंताच्या डीएनएचा ठरावीक तुकडा कोट्यवधी पटींनी वाढवून ती त्याचे अस्तित्व सिद्ध करते. अंकुशकृमी कोणत्या जातीचा, तो माणसांतलाच की कुत्र्या-मांजरांकडून आलेला, हेही ती सांगू शकते. केवळ मुलांना नव्हे तर साऱ्या वस्तीला गोळी दिल्यास संक्रमणाची साखळी तुटते काय, हे पाहणारा मोठा प्रयोग २०१७ मध्ये तामिळनाडू, बेनिन आणि मलावी येथे सुरू झाला. त्याचा निवाडा याच तपासणीवर सोपवण्यात आला, तो उगाच नव्हे.

यावर आपल्यातील काही साथी विचारतील : ज्या वस्तीत शौचालय नाही, पायात वहाण नाही, तेथे पीसीआरची चैन कशाला? गोळीची किंमत तपासणीच्या मानाने नगण्य आहे. मग सरळ गोळीच का देऊ नये? आक्षेप प्रामाणिक आहे, पण अपुरा आहे. प्रत्येक मुलाची तपासणी करा असे कोणीच म्हणत नाही. गोळी सर्वांना द्यावी. तपासणी निवडक वस्त्यांची, ठरावीक काळाने, आणि प्रौढांसह करावी. अंकुशकृमी अनवाणी पायांच्या कातडीतून शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. शेतात राबणारी मजूर स्त्री त्याची हक्काची शिकार आहे. आणि शाळेच्या पटावर नाव नसल्याने ती गोळीच्याही बाहेर राहते, गणतीच्याही बाहेर राहते.

रोगाचा पुरावा हे श्रमिकांचे हत्यार कसे होते, याला इतिहासाचा दाखला आहे. आल्प्स पर्वतातील सेंट गॉटहार्ड बोगदा खणणारे इटालियन मजूर पांढरेफटक पडून खंगत होते. १८८० मध्ये तूरिनच्या वैद्यांना त्यांच्या आतड्यांत अंकुशकृमी सापडले, आणि मजुरांचा 'अशक्तपणा' हा ते ज्या घाणीत राबत होते तिचा परिणाम आहे हे नाकारता येईना. आपल्याकडे नारूचे उदाहरण आहे. नारूवर औषध नव्हते, लसही नव्हती. पण तो पायातून बाहेर येताना डोळ्यांना दिसत असे. म्हणून गावोगाव रुग्ण मोजता आले, पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त करणे आणि हातपंप बसवणे भाग पडले. १९९६ नंतर देशात नारूचा रुग्ण आढळला नाही आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला. पोटातला जंत तसा दिसत नाही. रेणवीय तपासणी त्याला दृश्य करते, हेच तिचे राजकीय मोल आहे.

२ ऑक्टोबर २०१९ रोजी ग्रामीण भारत उघड्यावरील शौचापासून मुक्त झाल्याची घोषणा झाली. २०१९ ते २०२१ या काळातील सरकारच्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मात्र १९ टक्के कुटुंबे कोणतेही शौचालय वापरत नसल्याचे आढळले. घोषणा खरी की पाहणी खरी? गोळी घेऊन जंतमुक्त झालेल्या मुलाच्या पोटात काही महिन्यांत पुन्हा जंत आढळले, तर माणसाची विष्ठा अजून त्या वस्तीच्या मातीत मिसळते आहे, किंवा आधी मिसळलेली अद्याप निस्तरलेली नाही, एवढे निश्चित. फलक रंगवता येतो, दाखला लिहून घेता येतो. जंताकडून खोटी साक्ष वदवून घेता येत नाही.

साधने नाहीत ही सबब आता चालणार नाही. २०२० च्या जानेवारीत कोरोनाची तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतच होत होती; पुढील दोन वर्षांत सरकारी आणि खासगी मिळून हजारो प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. विष्ठेतून डीएनए काढण्याचे, अंड्याचे कठीण कवच फोडण्याचे तंत्र वेगळे आहे. तंत्रज्ञांना ते शिकवावे लागेल. पीसीआरचे हक्क १९९१ मध्ये हॉफमन-ला रोश कंपनीने ३० कोटी डॉलरला विकत घेतले होते. मूळ पेटंटांची मुदत २००५ मध्ये संपली. आता तपासणीची द्रव्ये सार्वजनिक संस्थांनी स्वस्तात तयार करण्याऐवजी महागडे संच कंपन्यांकडून घेतले जाणार असतील, तर त्या मक्तेदारीविरुद्धही आवाज उठवावा लागेल.

म्हणून मागणी नेमकी हवी. जिल्ह्याच्या सरकारी प्रयोगशाळेत निवडक वस्त्यांची रेणवीय तपासणी दरवर्षी व्हावी. तिचे निष्कर्ष, कोणाचेही नाव न घेता, ग्रामसभेपुढे वाचले जावेत. आणि जेथे जंत परततात तेथे शौचालय, पाणी आणि मैल्याची विल्हेवाट यांसाठी निधी देणे शासनावर बंधनकारक असावे. कार्यकर्त्यांनी येत्या जंतनाशक दिनी गोळ्यांचा आकडा ऐकून परत फिरू नये. गेल्या वर्षीच्या गोळ्यांनंतर या गावात जंत किती उरले, हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तरही लेखीच घ्यावे.