किरकोळ साहसांचे खाते

आमच्या वर्गातल्या मुलांना साहस म्हटले की चोर्ला घाट आठवतो. पावसाळा लागला की चार मोटारसायकली निघतात, आंबोलीचा धबधबा नाहीतर चोर्ल्याचे धुके गाठले जाते, आणि सोमवारी पहिल्या तासाला मोबाईल बाकाखालून फिरू लागतो. गेल्या वर्षी मीही एकदा गेलो होतो. पाण्यापेक्षा माणसेच जास्त होती. गाड्यांच्या रांगेत उभा राहिलो, भाजलेले कणीस खाल्ले, भिजलो आणि परत आलो. पुढे दोन दिवस शिंकत होतो. त्यात वाईट काही नाही. पण साहस नेमके कुठे होते ते मला अजून सापडलेले नाही. धबधबा पडणार आणि आपण भिजणार, हे निघतानाच ठाऊक होते.

माझे म्हणणे असे, की साहस करायचे तर कॉलेजच्या फाटकाबाहेर जायला नको. आत यावे, तेवढे पुरे. हे ऐकून मित्र हसतात. म्हणून कॉमर्सचा विद्यार्थी या नात्याने मी कायद्याचा आधार देतो.

आपला विषय रुक्ष, असे आर्ट्सची मंडळी म्हणतात. पण १९६१ च्या आयकर कायद्याने ‘बिझनेस’ शब्दाची व्याख्या करताना व्यापार, कारखानदारी यांच्या पंगतीला व्यापाराच्या स्वरूपाचे ‘ॲडव्हेंचर’ही बसवले. म्हणजे नेहमीचा धंदा नसतानाही माणसाने नफ्यासाठी केलेला एखादाच सौदा. १९६३ च्या सागरी विमा कायद्यात तर जहाज आणि माल समुद्राच्या धोक्यात घातले की ते सरळ ‘मरीन ॲडव्हेंचर’. ‘जॉइंट व्हेंचर’ला मराठी पुस्तकात ‘संयुक्त साहस’ म्हणतात. कोल्हापूरच्या मावसभावाच्या पुस्तकात तो मथळा पाहून मला वाटले, दोघे मिळून डोंगर चढणार आहेत. आत पाहिले तर दोघे मिळून माल विकत होते.

या सगळ्यावरून मी माझ्यापुरते एक माप ठरवले आहे. रोजच्या वाटेबाहेरचे काम, ज्यात आपले काहीतरी पणाला लागते आणि शेवट आधी माहीत नसतो, ते साहस. या मापाने गेल्या महिन्यातला एक मंगळवार मोजून पाहतो.

सकाळी बस. २०२३ च्या जूनमध्ये बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला, तेव्हापासून आमच्या खानापूर तालुक्यातल्या पोरांचा मुक्काम बहुधा पायरीवर. तक्रार नाही, त्यामुळेच माझी आई आता महिन्यातून दोनदा माहेरी जाऊन येते. पायरीवर उभे राहणे धोक्याचे आहे, पण ते रोजचेच. मापात बसत नाही. सोडून देऊ.

तिसरा तास कॉस्ट अकाउंटिंगचा. प्रक्रियेतली नेहमीची घट उरलेल्या चांगल्या मालाच्या किमतीत मुरवायची आणि अनपेक्षित घट मात्र निराळी काढून नफातोट्यात न्यायची, हे फळ्यावर आले. उदाहरणे सोडवता येत होती, पण का, ते कळत नव्हते. दोन्ही वेळा माल गेलाच ना? मग एकाला आत घ्यायचे आणि दुसऱ्याला बाहेर काढायचे, हा न्याय कुठला?

वाचकांना वाटेल, विचारायचे की! पण मराठी माध्यमात दहावी केलेल्यांना मी काय म्हणतो ते कळेल. प्रश्न मनात मराठीत उगवतो. तो इंग्रजीत उतरवीपर्यंत सर पुढच्या उदाहरणावर गेलेले असतात. शिवाय ‘डू’ की ‘डझ’ या घोळात मागून कोणी फिस्सकन हसले तर आठवडाभर पुरते. पी.यू.सी.च्या पहिल्या वर्षी माझ्याशेजारी गावाकडचाच एक मुलगा बसत असे. शाळेत गणितात तो माझ्यापेक्षा पुढे होता. तिसऱ्या महिन्यात त्याने कॉलेज सोडले. “कळत नाही, आणि कळत नाही हे सांगताही येत नाही,” एवढेच तो म्हणाला. आज तो उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला आहे. काम चांगले करतो. पण वर्गात त्याने एकही प्रश्न विचारला नव्हता, आणि मीही त्याच्या वतीने कधी विचारला नाही.

त्या मंगळवारी मी उभा राहिलो. धैर्याने नव्हे, पाय बाकाखाली अवघडले होते आणि उठताना सरांची नजर गेली, हे कबूल करतो. इंग्रजीत सुरुवात केली, दुसऱ्या वाक्यात अडकलो. वर्ग शांत. सर म्हणाले, “कन्नडदाग केळप्पा.” कन्नडमध्ये विचार, बाबा. ऐकणे आणि विचारणे या दोन्हींना कन्नडमध्ये एकच क्रियापद आहे, केळु. शाळेत कन्नडचे गुरुजी ‘केळु’ म्हणाले की आम्ही केळ्यावरून हसत असू. तेच गल्लीत आणि शाळेत शिकलेले कन्नड कामाला आले. बोललो ते मोडकेतोडकेच, पण प्रश्न पुरा झाला.

सरांनी गुऱ्हाळाचे उदाहरण दिले. उसाचा रस काहिलीत उकळतो, पाणी आटते. ते आटणारच, आटल्याशिवाय गूळ होत नाही. म्हणून त्या घटीचा भार उरलेल्या गुळाने सोसायचा. पण काहील कलंडली आणि रस मातीत गेला, तर तो खर्च गुळाच्या भावात कसा घालशील? गिऱ्हाइकाने तुझ्या कलंडलेल्या काहिलीचे पैसे का द्यावेत? मागच्या बाकांवरून एकदम वह्या उघडल्याचा आवाज आला. आमच्या वर्गात ऊस पाहिलेली निम्मी मुले तरी असतील. दोन वर्षे आम्ही घट शिकत होतो, आणि गूळ त्यात आज प्रथम आला.

तास सुटल्यावर बैलहोंगलकडचा एक मुलगा कॅन्टीनपर्यंत बरोबर आला. तो कन्नड माध्यमातला. दोन वर्षे एका वर्गात असून आम्ही एकमेकांशी ‘पेन आहे का’ यापुढे बोललो नव्हतो. “ननगू अदे डौट इत्तु,” तो म्हणाला. त्यालाही तीच शंका होती! तो गप्प राहिला कारण त्याला वाटे, मराठी मुलांना इंग्रजी चांगले येते. आम्हाला वाटे, कन्नड मुलांना येते. एका चहाचे दोन केले. पैसे त्यानेच दिले.

आमच्या गावात या दोन भाषांचे जे व्हायचे ते होत असते. त्यावर लिहायला मोठी माणसे समर्थ आहेत. मी ग्रंथालयाबद्दल बोलतो. तिथे मराठीची कपाटे खिडकीकडे, कन्नडची भिंतीकडे. मधली वाट आठ-दहा पावलांची असेल, पण आपल्यापैकी किती जण ती ओलांडतात? ज्यांना १९७३ चे ज्ञानपीठ ‘नाकु तंती’साठी मिळाले त्या द. रा. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी होती. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवीत आणि मराठीत कथा लिहीत. त्यांनी ही वाट आयुष्यभर ओलांडली. आपल्याला आठ पावले जड होतात. त्या दिवशी मी बेंद्र्यांचे पुस्तक काढले. बोट ठेवून वाचतो, तासाला तीन पाने.

खात्यात नावे बाजूही दाखवली पाहिजे. त्याच दुपारी सूचनाफलकावर इंग्रजी वादविवाद स्पर्धेची यादी लागली होती. पेन काढले, आधीची चार नावे वाचली आणि पेन परत खिशात घातले. गुऱ्हाळाचा सगळा जोर तिथे संपला.

प्राध्यापकांना मात्र एक विनंती करावीशी वाटते. तासाच्या शेवटची पाच मिनिटे ‘कुठल्याही भाषेत विचारा’ अशी असावीत. उत्तरपत्रिका इंग्रजीतच लिहू, त्याबद्दल वाद नाही. पण शंका इंग्रजीत येत नाहीत. आणि मित्रांना एवढेच सांगतो, की या अंकात मराठी विभागानंतर कन्नड विभाग आहे. दरवर्षी तो असतो, आणि दरवर्षी आपण मराठी पाने संपली की अंक मिटतो. कन्नड मित्रही आपली पाने अशीच सोडत असणार.

हा मजकूर संपादकांकडे देण्याआधी मी बैलहोंगलच्या त्या मित्राला दाखवला. तो मराठी अक्षर अक्षर लावून वाचतो. ‘साहस’ला तो अडला नाही, तो शब्द कन्नडमध्येही आहे. पण ‘किरकोळ’पाशी थांबला आणि हसू लागला. कन्नडमध्ये ‘किरुकुळ’ म्हणजे छळ. “तुझा छळ कोणी केला?” त्याने विचारले.

मी म्हणालो, कॉस्ट अकाउंटिंगने.